एक लांब शिट्टी

मी महाडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काचेखाली दिसेल तेवढंच खरं, हा माझा खाक्या. भुतंखेतं माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत, असं नवरा चिडवतो. तरी हे लिहितेय, कारण त्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि ऐकणारी मी एकटी नव्हते...

आमचं गाव पोलादपूरच्या वर, कुडपणच्या डोंगराखाली. माझ्या सासूबाई तिथल्याच शाळेत शिक्षिका. निवृत्त झाल्या तरी गावाच्या त्या ‘बाई’च. सासरे फौजेत होते. रजा संपवून ते निघाले, तरी बाई त्यांना सोडायला एसटीपर्यंतही जायच्या नाहीत – त्याच वेळी पोरं ओढ्यावरचा अरुंद साकव ओलांडायची ना! मग एका रजेत सासऱ्यांनीच फौजेतली पितळी शिट्टी आणून दिली. एक लांब शिट्टी म्हणजे जागेवर थांबा. दोन आखूड म्हणजे या. पावसाळाभर बाई साकवाशी उभ्या. “ते सीमेवर, मी ओढ्यावर,” असं हसून म्हणायच्या. मला मात्र ऐकून भरून यायचं.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. गावाने शिट्टी त्यांच्यासोबत चितेवर ठेवली. राख सावडताना ती सापडली, काळी, पार चपटी झालेली. मी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली.

दहाव्याचे विधी ओढ्यापलीकडे होते. सामान घेऊन नवरा पुढे, मागे मी, मागे गाव. त्याने साकवावर पाय ठेवायला उचलला आणि...

शिट्टी. एकच. लांब.

नवरा तसाच थांबला. मागे अख्खं गाव थांबलेलं – टक्कल पडलेले बाप्ये, कडेवर नातवंडं घेतलेल्या बाया. सगळे बाईंच्या हाताखालून गेलेले. बाहेरची मी एकटीच. कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटून मला संताप आला.

“अहो, चला ना! उशीर होतोय,” म्हणत मी साकवाकडे निघाले. शेजारच्या गणपतदादांनी माझं मनगट धरलं.

“वयनी, हलू नको गो! बाईंनी थांबवलाय.”

“दादा, बाई गेल्या.”

“गेल्या म्हणून काय झाला? शिट्टी वाजली ना?”

तेवढ्यात वरून गडगडाट आला. डोंगरावर पाऊस कोसळला असणार, आमच्याकडे थेंब नव्हता. तांबडं पाणी झाडांच्या खोडांसकट आलं आणि डोळ्यांदेखत साकव घेऊन गेलं. सगळ्यांसमोर नवऱ्याला घट्ट धरून मी रडले.

मग पर्स उघडली. रुमालाची गाठ तशीच होती. शिट्टी ओठांना लावून जीव खाऊन फुंकली – आवाज नाही, तोंडात नुसती राख आली.

दुपारनंतर पाणी गुडघ्याखाली उतरलं. “आता जाऊ या,” मी म्हटलं. कुणी हललं नाही.

“दोन आखूड वाजल्या नाहीत अजून,” नवरा हळूच म्हणाला. दहावा अलीकडच्याच काठावर झाला.

पक्षी असेल, वारा असेल, सगळं म्हणून पाहिलं. आता तिथे सिमेंटचा पूल आहे. पुलाशी आलो की नवरा गाडी थांबवून काच खाली करतो. मी आता त्याला ‘चला’ म्हणत नाही. मीसुद्धा कान देऊन बसते.