फुटाळ्याच्या काठावर कासव

नागपूरला निघालो तेव्हा आमच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि सुकटीचं (वाळवलेल्या बारीक कोळंबीचं) गाठोडं होतं. प्रवास गाजला तो गाठोड्यामुळे. मी तेव्हाच तात्यांना म्हटलं होतं, "हे कशाला? वकिलाकडे निघालोय आपण, सोयरीक जुळवायला नव्हे." पांडूतात्या आमच्या वेळशेत गावच्या मच्छीमारांचे म्होरके. मी तिथल्या शाळेत मास्तरीण असले तरी तात्यांपुढे माझं मास्तरकीचं काही चालत नाही. ते म्हणाले, "बाई, मोठ्या मानसाच्या दारात रिकाम्या हातानं जात नाय कुनी." विषय संपला.

मोठा माणूस म्हणजे नागपूरचे अप्पा. त्यांची नि आमची ओळखदेख नव्हती. माझी एक मैत्रीण काटोलला दिलेली आहे. तिच्या पत्रातून कळलं होतं की नागपुरात अप्पांकडे काही वकील मंडळी जमतात, जंगलासाठी, जनावरांसाठी कोर्टात भांडतात आणि कुणाकडून पैसा घेत नाहीत. ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. सगळ्यांच्या भल्यासाठी कुणीही साधा माणूस कोर्टाचं दार ठोठावू शकतो, याला जनहित याचिका म्हणतात, हे तेव्हा नुकतंच कानावर येऊ लागलं होतं. मुंबईचे वकील फी सांगत. ती ऐकूनच आम्ही जिना उतरत असू.

आमची अडचण साधी होती. आमच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) हिवाळ्यात कासविणी अंडी घालायला येतात. त्याच पुळणीची वाळू उपसायचा ठेका एका कंत्राटदाराला मिळाला होता आणि महिनाअखेरीस ट्रक लागणार होते. वाळू गेली की कासवं जाणार, त्यामागून किनाऱ्यावरचे माड जाणार आणि मग भरतीचं पाणी सरळ तात्यांच्या वाडीत शिरणार. त्यामुळे शाळेतून रजा काढून मी निघाले.

मुंबईहून नागपूरच्या गाडीत बसलो. सुकट वरच्या फळीवर ठेवली. कल्याण गेलं नाही तोच समोरच्या बाईंनी नाकाला पदर लावला. इगतपुरीला एक गृहस्थ "हवा बदलून येतो" म्हणून गेले ते परतलेच नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्या मात्र पाय पसरून म्हणाले, "बघा बाई, कशी ऐसपैस जागा झाली."

सकाळी जाग आली आणि खिडकीतून पाहते तर काय, जमीन संपतच नव्हती. आमच्याकडे डोळा कुठेही वळवा, तो डोंगराला तरी अडतो नाहीतर पाण्याला. इथे काळीभोर सपाट जमीन, तुरीची शेतं, कापूस वेचणाऱ्या बायका आणि पुन्हा जमीन. एवढी जमीन देवानं एका ठिकाणी कशाला ठेवली असेल, असं मला खरोखरच वाटलं. वर्ध्याला टोपल्यांतून संत्री आली. साल सोलताच सगळ्या डब्यात वास भरला आणि त्यात आमची सुकट थोडा वेळ तरी झाकली गेली. तात्यांनी खिडकीबाहेर पाहून एकच प्रश्न विचारला, "हितली मानसं सांजची बसतात कुठं?" किनारा नसलेल्या गावात माणसं संध्याकाळी करतात काय, ही त्यांची खरी चिंता होती.

नागपूरची थंडी हाडात शिरणारी. स्टेशनबाहेर एका गाडीवर तर्री-पोहे (तिखट लाल रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला थंडी पळाली. गाडीवाल्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "काहून ताई, तिखट लागलं काय? अजून तर्री देऊ?" मी बशी पुढे केली.

अप्पांची बैठक सीताबर्डीत, एका कापडदुकानाच्या वर. संध्याकाळी आम्ही जिना चढलो. खोलीत पुस्तकांची कपाटं, एक मोठं टेबल आणि पाचसहा वकील. मधल्या खुर्चीत गळ्याला मफलर गुंडाळलेले, बोलताना धाप लागणारे अप्पा. तात्यांनी वाकून नमस्कार केला आणि गाठोडं टेबलावर ठेवलं. शेजारी मी काजूची पुडी आणि आमसुलं ठेवली. खोलीत वास पसरला तशी मी मान खाली घातली. अप्पा गाठोड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे काय होय? हे पहिले उचला इथून."

आमच्याकडे कुणी भेट परत केली तर त्याचा अर्थ एकच असतो, की तुमचा आमचा संबंध नाही. तात्यांचा चेहरा उतरला. गाठोडं उचलून ते जिना उतरू लागले आणि मीही काजू-आमसुलं घेऊन त्यांच्यामागे निघाले. एवढ्या दूर येऊन आमची पुळण एका वाक्यात बुडाली, असं मला वाटलं.

खालच्या पायरीवर एका तरुण वकीलबाईनं आम्हाला गाठलं. तिचं नाव शालिनी मेश्राम. धावल्यामुळे तिला दम लागला होता. "तात्या, ताई, तुमी काहून जाऊन राहिले? आमी पक्षकाराची सुपारीही घेत नाही. नियमच हाये तसा. केस घ्यायची हाये म्हूनच तर अप्पानं उचलाले सांगितलं. नसती घ्यायची, तर काजू ठेवून चहा पाजला असता." तात्या तिच्याकडे पाहत राहिले. कसले हे वकील, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. पण पाय मागे वळले.

मी सगळी हकिगत सांगितली. अप्पांनी डोळे मिटून ऐकली. मग दुसरा नियम बाहेर आला. "आमच्यातल्या एकानं तरी ती जागा डोळ्यानं पाह्यल्याबिगर मी अर्जावर सही करत नाही. जंगलाची केस असली तर आमी जंगलात जातो. समुद्र तर इथल्या कोणीच पाह्यला नाही. अन् मले डॉक्टर नागपूरच्या बाहेर जाऊ देत नाही." मग ते तात्यांना म्हणाले, "कासव कसं येते, ते मले दाखवता काय? उद्या सकाळी फुटाळा तलावावर."

त्या रात्री शालिनी आम्हाला आपल्या घरी घेऊन गेली. आमची भेट चालत नाही, पण त्यांचं जेवण आम्हाला चालतं, असा तो एकतर्फी कायदा होता. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली निरांजनाएवढा दिवा. तिच्या आईनं पाटवडीचा रस्सा आणि ज्वारीच्या भाकरी वाढल्या. मी समुद्राचं बोलू लागले, तशा आई म्हणाल्या, "मी पाण्याचा समुद्र नाही पाह्यला. छप्पन साली दीक्षा घेतली तवा माणसायचा पाह्यला. मी नवी नवरी होती. पांढरं लुगडं नेसून आमी चालत आलो होतो. मान उंच करून पाह्यलं, तं जिकडंतिकडं पांढरंच पांढरं. माणसं सरतच नव्हती." त्यांच्या हातातली भाकरी हातातच राहिली होती. एवढ्या वर्षांनीही ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

सकाळी फुटाळा तलावावर धुकं होतं. म्हशी पाण्यात बसलेल्या, चारदोन धोबी कपडे आपटत असलेले. अप्पा सायकलरिक्षातून आले, शालिनीनं हात धरून त्यांना उतरवलं. तात्यांनी धोतराचा काचा मारला, ओलसर मातीवर पालथे पडले आणि कोपरांनी स्वतःला ओढत पाण्यापासून वर निघाले. थोडं ओढायचं, थांबायचं, मोठा श्वास सोडायचा. साठी उलटलेला माणूस. धोब्यांचं आपटणं थांबलं. एकानं विचारलं, "काय झालं गा बुवाले?"

काठाच्या वर जाऊन तात्या वळले. पाय मागे करून, तळवा ओंजळीसारखा वाकवून ते माती उकरू लागले. एक पाय माती काढी, दुसरा थांबे, मग तो काढी. खड्डा झाला तसे ते निपचित पडून राहिले. मी हळूच म्हटलं, "आता ती अंडी घालतेय. या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी येतं." मग त्यांनी खड्डा बुजवला आणि अंग डावी-उजवीकडे आपटून माती चोपून बसवली. शेवटी मागे वळून न बघता पाण्याकडे सरपटत गेले. मी हे किनाऱ्यावर कितीदा पाहिलं होतं. तरी त्या परक्या तलावाच्या काठी मी दोन पावलं मागे सरून त्यांना वाट करून दिली.

अप्पांनी मात्र उलटतपासणी सुरू केली. "इथली वाळू नेली, तं ते दुसरीकडं जाईन ना? समुद्र तं मोठा हाये."

चिखल पुसत तात्या म्हणाले, "जिथं जन्मली तिथंच येते, आसं आमी मानतो."

"पुरावा?"

"पुरावा नाय. माझ्या बापानं बगितलं, मी बगतो. दरसाल येते."

मला वाटलं, संपलं सगळं. पण अप्पांनी नुसती मान हलवली आणि तलावाकडे काठी दाखवून मला विचारलं, "बाई, तुमच्या समुद्राचा पलीकडचा काठ इथल्यापेक्षा किती दूर असन?"

"पलीकडे काठच नाही, अप्पा."

ते हसले. हसताना त्यांना खोकला आला. "मी जनमभर वकिली केली. काठ नाही म्हंता, मंग विरोधी पक्ष कुठी बसते?" मग शालिनीकडे वळून म्हणाले, "तू जाय वं यांच्यासंगं. पाहून मले फोन कर. तवरक मी सही करत नाही."

परतीच्या प्रवासात आम्ही तिघं होतो. शालिनीच्या पिशवीत भाकरी, चटणी आणि संत्री होती. वाटेत तिनं आमच्याकडून चहासुद्धा घेतला नाही. तात्या धुसफुसत होते. सुकट पुन्हा वरच्या फळीवर होती, पण आता निदान तिची सवय झालेलं एक माणूस आमच्याबरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर एस.टी. वेळशेतच्या घाटीवरून वळली आणि समुद्र दिसला. शालिनी बोलता बोलता थांबली. खाली उतरल्यावरही तिनं चपला हातात घेतल्या आणि नुसती उभी राहिली. सुरूच्या बनाजवळ कंत्राटदाराचे दोन ट्रक महिनाअखेरीच्या आधीच येऊन लागले होते. ड्रायव्हर सावलीत पत्ते खेळत होते. शालिनीचं तिकडे लक्षच नव्हतं.

ऊन उतरू लागलं तेव्हा तात्यांनी हाक मारली. मोसमातलं पहिलं घरटं, त्यांनी जुनं जाळं लावून राखलेलं. वाळू मधोमध खचली, हलली आणि आतून एक काळं इवलं डोकं वर आलं. मग दुसरं. मग वाळूच उकळायला लागली. मुठीत मावतील एवढी पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून चढत बाहेर आली, क्षणभर थबकली आणि कुणी न सांगता पाण्याकडे निघाली. तात्यांनी जाळं बाजूला केलं. शालिनी वाळूत गुडघ्यांवर बसली होती. एक पिल्लू तिच्या पदरावरून गेलं तरी ती हलली नाही. लाट आली, तिनं पिल्लाला उचललं, मागे फेकलं. ते पुन्हा निघालं. पुढच्या लाटेत ते दिसेनासं झालं. पत्ते टाकून ड्रायव्हरही येऊन उभे राहिले होते. त्यांच्यातल्या एकानं डोक्याची टोपी काढून हातात धरली होती.

"एवढंसं," शालिनी म्हणाली, "अन् त्याले कोणी सांगितलं, कुठी जायचं ते?" तात्यांनी जाळं गुंडाळायला घेतलं.

सकाळी पोस्ट उघडताच तिनं नागपूरला ट्रंक कॉल लावला. बराच वेळ घरघर झाली. पोस्टातल्या त्या काळ्या फोनवर अप्पांचा आवाज एवढा मोठा येत होता की आम्हाला बाकावर बसून ऐकू येई.

"पाह्यलं काय?"

"हाव, अप्पा. पाह्यलं."

"कासव?"

"पिल्लं पाह्यली. अन् ट्रक लागले हायेत. कालपासून."

पलीकडे धाप लागल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "अन् समुद्र?"

पोस्टाच्या दारातून माडांच्या फटीत पाणी दिसत होतं, तिकडे शालिनी पाहत होती. ट्रंक कॉलची मिनिटं जात होती. शेवटी ती म्हणाली, "अप्पा, बाई खरं सांगत होत्या. पलीकडं काठच नाही."

पलीकडून नुसती घरघर. मला वाटलं, फोन तुटला. तेवढ्यात अप्पांचा आवाज आला, पहिल्यापेक्षा खूप हळू.

"मंग मी सही करून राहिलो."

त्या अर्जावर मुंबईच्या कोर्टात वाळूउपशाला स्थगिती मिळाली. ट्रक आले तसे रिकामे गेले. पुढे निकाल आमच्या बाजूनं लागल्यावर तात्यांनी सुकटीचं पार्सल नागपूरला धाडलं. केस संपली होती, त्यामुळे अप्पांनी ते ठेवून घेतलं. त्यानंतर वर्षभरातच ते गेले. समुद्र त्यांनी पाहिला नाही.

शालिनी परत गेली त्या संध्याकाळी मी पुळणीवर गेले. लहानपणापासून याच वाळूतून शाळेत जाते-येते आहे, कधी पुस्तकं घेऊन, कधी वह्या तपासायला घेऊन. पलीकडे काठ आहे की नाही हे बघायला मी कधी थांबले नव्हते. त्या दिवशी थांबले, अंधार पडेपर्यंत बघितलं. खरंच नव्हता.