तिचं माहेर

तळोज्याच्या आमच्या कारखान्यात तो शिफ्टचा सुपरवायझर. करावे गावचा, आवाज मोठा, आणि बोलायच्या आधी ‘आयका’ म्हटल्याशिवाय त्याचं वाक्यच सुरू होत नाही.

कंपनीने बापांसाठी तीन महिन्यांची पगारी रजा जाहीर केली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागितली मात्र त्याने एकट्याने.

मॅनेजर म्हणाले, “अरे बाबा, बाळंतपण माहेरी होतं. तू तिथे काय करणार? आणि इकडे लाइन कोण बघणार?”

“आयका सायब, तिला आईबाप नाय. तिचं माहेर मीच हाय. लाइनीचं टेन्शन घेव नका.”

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजात भाषणं पुष्कळ ऐकली. इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

रजेआधी तो रोज आपल्या जागी ज्युनिअरला उभं करायचा आणि स्वतः मागे हात बांधून गप्प राहायचा. तो रजेवर गेल्यावर लाइन अडखळली, पण बंद पडली नाही.

परतला त्या दिवशी पॅकिंगमधला सातारकर ओरडला, “काय बाळंतीणबाई, तब्येत बरी का?”

त्याने हसत डबा पुढे केला. “आयक, डिंकाचं लाडू हाईत. बायकोसाठी मीच वललेत. खा.”

सातारकराने दोन खाल्ले. मग जवळ सरकून म्हणाला, “आमच्या हिला सातवा लागलाय. मला देतील का रं रजा?”

“देतील. पन आदी लाडू वलायला शिक.”