दारूबंदीच्या चिटणिसाचा माठ

हसा, आधी पोटभर हसून घ्या! तुम्ही कुठूनतरी अर्धंमुर्धं ऐकलेलं दिसतंय, म्हणून चहा यायच्या आधीच कोपरखळ्या चालू झाल्या. पण पूर्ण ऐका आणि मग सांगा, यात माझी चूक कितीशी होती? बरं, होती. चांगली मोठी होती. पण प्रयोग बरोबर होता! हे कोणीच बोलत नाही, याचा मला आजही संताप येतो.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. अल्लीपूरच्या अलीकडे एका गावात हायस्कूलला मी विज्ञान शिकवायचो. गावाचं नाव सांगणार नाही, तिथे अजून माझी थोडी इज्जत शिल्लक आहे. आपला जिल्हा दारूबंदीचा, आणि गावच्या दारूबंदी समितीचा चिटणीस कोण? मीच! मी साधी सुपारी खात नव्हतो. दारूचा थेंब जिभेवर जाणं सोडा, तिचा वाससुद्धा नाकापर्यंत कधी आला नव्हता. त्याचा मला भारी अभिमान होता.

नववीला पेशींचा धडा होता. सजीव पेशी साखर फोडते आणि त्यातून जगायची शक्ती मिळवते. हवा असली तर साखर पार शेवटपर्यंत फुटते, हवा नसली तर काम अर्ध्यावरच थांबतं. पोरं नुसती माना हलवत होती. मी म्हटलं, माना काय हलवता, डोळ्यांनी बघा! हिंगणघाटच्या पावाच्या भट्टीतून खमीर आणलं. खमीर म्हणजे तरी काय, जिवंत पेशीच. प्रत्येकाला घरून गुळाचा एक खडा आणायला सांगितला. आता मला काय माहीत, साठ पोरं खरंच साठ खडे आणतील म्हणून? एरवी वही आणा म्हटलं तर सहा जण आणतात!

गुळाचं पाणी केलं, खमीर टाकलं, बाटलीत भरलं. बाटलीला बूच, बुचातून काचेची नळी, नळीचं टोक चुन्याच्या निवळीत. तासाभरात बुडबुडे सुरू! निवळी दुधासारखी पांढरी झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या हो! पेशीचा श्वास डोळ्यांना दिसला. आहे का कोणी विज्ञानमास्तर असा?

बाटली भरूनही पाणी पुष्कळ उरलं. दुसऱ्या तुकडीला दाखवू म्हणून ते माठात ओतलं, तोंडाला फडकं बांधलं आणि माठ प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या तुकडीचा तास यायच्या आत दिवाळीची सुट्टी लागली. मी सासुरवाडीला, कारंजाला गेलो. चकल्या खाल्ल्या, माठ साफ विसरलो.

सुट्टी संपली. प्रयोगशाळेत पाय ठेवला आणि नाक झणझणलं. आंबूस, उग्र, थेट डोक्यात जाणारा वास. मी दारू कधी हुंगली नव्हती, पण तेव्हाच ओळखलं की ही दारूच. कसं ओळखलं? अहो, समितीच्या सभेत मीच सांगायचो ना, दारूचा वास उग्र असतो म्हणून!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत दारू! सुट्टीत शाळेच्या चाव्या कोणाकडे होत्या? तुळशीरामकडे. तुळशीराम आमचा चपराशी. घंटा देणं, पाणी भरणं, झाडझूड, सगळं तोच बघायचा. मी त्याला तिथेच धरला.

"तुळशीराम, हा वास कशाचा आहे?"

"आंबट वास येऊन राह्यला गुरुजी. मी बी सकाळपासून पाहून राह्यलो, कुठून येते समजत नाई."

"दारूचा आहे हा!"

"नाई जी. दारूचा वास असा नसते."

"अस्सं! तुले कसा माहीत दारूचा वास?"

झालं! सापडला चोर! बघा माझा हिशेब. ज्याला वास ओळखता येतो तो पिणारा. मला ओळखता येत नाही, म्हणजे मी शुद्ध. आणि शुद्ध माणूस म्हणतो की ही दारू, म्हणजे ती दारूच! यात खोट कुठे होती, हे तेव्हा मला कोणीही दाखवू शकलं नसतं.

हेडमास्तर बिचारे म्हणाले, "अहो, आधी खोली तरी नीट बघा."

"बघायचं काय साहेब? वास काय खोटं बोलतो?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सगळ्या शाळेसमोर भाषण ठोकलं. नाव घेतलं नाही, पण बोट घंटेकडे करून बोलत होतो. घंटेपाशी तुळशीराम खाली मान घालून उभा. शेवटी हेडमास्तरांनी नाइलाजाने त्याला सांगितलं, चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नको.

दुपारी तो माझ्या घरी आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच थांबला.

"गुरुजी, चौदा वर्सं झाले घंटी देऊन राह्यलो. मायी नौकरी जाईन. माया बाप प्याचा जी, म्हून मले वास माहीत हाय. मी नाई पेत."

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "चौकशीत काय ते दिसेल." आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण तेव्हा माझ्या अंगात चिटणीस संचारला होता. मी सरळ ठाण्यात जाऊन लेखी तक्रार दिली.

सकाळी ठाण्यातले जमादार सायकल हाणत आले. घामाघूम झालेले. गावातले दोन पंच घेतले, तुळशीरामला बोलावलं. त्याचं स्टूल पाहिलं, पाण्याची टाकी पाहिली, झाडू ठेवायची खोली पाहिली. काही नाही. मग जमादार नाक वर करून हुंगत हुंगत प्रयोगशाळेत शिरले आणि कपाटापुढे उभे राहिले.

"याची किल्ली?"

"तुळशीरामला विचारा!" मी गरजलो.

तुळशीराम हळूच म्हणाला, "ते किल्ली त गुरुजीच्याच खिशात रायते."

माझा हात खिशात गेला आणि किल्ली हाताला लागली. माठ आठवला हो! पण आता करता काय? पंच बघताहेत, हेडमास्तर बघताहेत, खिडकीत अख्खी नववी लटकलेली. उघडलं. आत माठ, आणि माठावर चिठ्ठी. हेडमास्तरांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली, "उघडू नये. हुकमावरून." खाली माझी सही. अक्षर माझं सुंदर आहे, ओळखायला कोणाला क्षणभरही लागलं नाही.

"कंप्लेंट कोनं देल्ली होती?" जमादारांनी विचारलं.

"मी."

"अन् माठ कोनाचा?"

"माझा. पण ही दारू नाही, हे पेशींचं श्वसन आहे!" आणि मी तावातावाने धडा सुरू केला. पेशी, साखर, हवा नसली की काम अर्ध्यावर थांबणं, सगळं. "अहो, आपल्या पोटरीतल्या पेशीसुद्धा हवा कमी पडली की साखर अर्धवटच फोडतात. फक्त तिथे दारूऐवजी आम्ल तयार होतं!"

"म्हंजे सायकल हाणली की पाय भरून येते, ते?"

"तेच! आणि खमिराच्या पेशी आम्लाऐवजी दारू करतात!"

जमादारांनी मान डोलावली आणि लिहू लागले. मी वाकून वाचलं. 'सदर गुरुजींनी दारू कशी तयार होते हे पंचांसमक्ष स्वतः सविस्तर सांगितले.'

मी ओरडलोच. तेवढ्यात मागून तुळशीरामचा आवाज आला, "जमादार साहेब, दारू नाई ते. मी पह्यलेपासून सांगून राह्यलो. चाखून पहा."

ज्याची नोकरी मी खायला निघालो होतो, तो माणूस मला वाचवत होता. जमादारांनी बोट बुडवून चाटलं. चेहरा असा वाकडा झाला, डोळे मिटले, खांदे वर गेले.

"सिरका हाय राजेहो, सिरका! इतका गूळ, इतके दिवस, अन् गुरुजीले साधी दारू बी जमली नाई!"

खिडकीतली नववी खो खो हसली. पंच हसले. हेडमास्तरांनी रुमाल तोंडाला लावला. मी समजावत होतो की फडक्यातून हवा आत गेली, दुसऱ्या जंतूंनी दारूचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, केला, म्हणजे एका माठात दोन प्रयोग यशस्वी झाले! ऐकतंय कोण? जमादारांनी कागद फाडला आणि सायकलवर टांग मारली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर, त्याच जागी उभं राहून, मी तुळशीरामची माफी मागितली. या वेळी नाव घेऊन. तो नुसता म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी," आणि त्याने पहिल्या तासाची घंटा दिली.

पण हेडमास्तरांनी काय करावं? कपाटाची किल्ली माझ्याकडून काढून तुळशीरामच्या हातात दिली, कायमची! आणि मग दर वर्षी काय व्हायचं माहितेय? पेशींचा धडा आला की मी बाटली लावायचो. तिसऱ्या दिवशी तुळशीराम भर वर्गात यायचा, बूच काढून हुंगायचा आणि सांगायचा, "गुरुजी, झाली तुमची दारू. फेकू आता?"

आणि मी, बी.एस्सी. झालेला माणूस, साठ पोरांसमोर म्हणायचो, "फेक बाबा."