कुत्री सोडण्यास हरकत नाही

रोज चार जण एका टेम्पोत बसले की किस्से आपोआप साठतात, आणि त्यातला चौथा कुत्रा असेल तर मग विचारूच नका!

टेम्पो माझा, दुधाचा. सकाळी पासलीकडचं दूध, संध्याकाळी गुंजवण्याचं. मधले रिकामे तास पुण्याच्या एका मॅडमनी भाड्यानं घेतले. लांब नेऊन सोडलेलं कुत्रं घरची वाट शोधतं का, हे त्यांना तपासायचं होतं. मदतीला बबनराव, जनावरांच्या दवाखान्यातले रिटायर्ड कंपाउंडर. कुत्र्याला ताडपत्रीखाली बसवायचं, आडवळणानं न्यायचं आणि गळ्यात जीपीएसचा पट्टा घालून सोडायचं. मालकाला जागा मात्र सांगायची नाही. मालक तिथं जाऊन हाका मारत बसतात! मॅडमनी आम्हाला तशी शपथच घातली होती.

मला पहिल्या दिवसापासून धास्ती होती. मॅडम काम संपवून पुण्याला जाणार. गावोगावी तोंड दाखवायचं होतं मला.

*

मॅडमनी फॉर्म छापून आणला होता. त्यावर एकच ओळ : 'माझे कुत्रे सोडण्यास माझी हरकत नाही.'

आता आमच्याकडे कुत्रं सोडलं म्हणजे कायमचं सोडलं. झालं! दुसऱ्या दिवशी पासलीत टेम्पोपाशी ही रांग. एकानं चावरं आणलेलं, एकानं चपला पळवणारं. एका मावशींनी तर पोत्यात मांजर घालून आणली.

"मावशी, मांजर नाही चालत."

"आवो, बसल की कोपऱ्यात. लई खात न्हाई."

मॅडमनी सगळ्यांना समजावलं, की कुत्रं परत यावं हीच इच्छा आहे. चावऱ्याचा मालक दोरी माझ्या हातातून काढून घेत म्हणाला, "परतच यायचं तर न्हेता कशाला? पेट्रोल लई झालंय व्हय?"

मॅडमनी फॉर्म बदलला : 'सोडून परत येण्यास हरकत नाही.' बबनरावांनी तो चष्मा लावून वाचला. "मॅडम, आता मालकच परत यायचाय असं वाटतंय!"

*

पहिलं कुत्रं आम्ही वेल्ह्याच्या पुढं एका माळावर सोडलं. त्यानं चार दिशांना नाक वर केलं, टेम्पोला दोन चकरा मारल्या, चाकावर पाय वर केला आणि टुणकन उडी मारून परत हौद्यात जाऊन बसलं. तीनदा उतरवलं, तीनदा चढलं. शेवटी आम्हीच त्याला घरी पोचवलं.

मॅडम वही उघडून बसल्या. "यशस्वी लिहू की अयशस्वी?"

"हुशार लिवा," बबनराव म्हणाले.

*

दुसऱ्या कुत्र्याचा ठिपका मोबाईलवर छान चालत होता. एकाएकी थांबला. अर्धा तास, एक तास, दोन तास. हलेना! बिबट्याचं नाव कुणी घेतलं नाही, पण तिघांच्याही मनात तोच होता. मी काठी घेतली, बबनरावांनी टेम्पोचा जॅक घेतला आणि आम्ही ठिपक्याच्या दिशेनं धावत सुटलो. मालकाला काय सांगायचं, हे मी मनात घोकत होतो.

ठिपका एका बारशाच्या मांडवात होता. कुत्रं पंगतीमागं आडवं पडलेलं, पोट टम्म. यजमानांनी माझ्या हातातल्या काठीकडं बघितलं, जॅककडं बघितलं. "आवो, भांडान कशाला? पंगत हाय अजून. बसा!"

*

मग आला हवालदार.

हवालदार म्हणजे भागूआजींचा कुत्रा. पासलीच्या वर धनगरवाड्यात आजी एकट्या राहतात, सहा शेळ्या घेऊन. राखणीला हाच. आजी त्याला द्यायला तयार नव्हत्या. मीच म्हणालो, "आजी, उद्या सकाळी हवालदार तुमच्या दारात. माझा शब्द!" कशाला बोललो कुणास ठाऊक. मॅडमच्या कागदावर त्यांनी अंगठा दिला तो माझ्या शब्दावर.

आम्ही त्याला गुंजवणी धरणाच्या कडेला एका जांभळाखाली सोडला. डोंगरातून अर्ध्या दिवसाची वाट. संध्याकाळी ठिपका थांबला. आम्ही पोचलो तर करवंदीच्या जाळीत नुसता पट्टा लटकलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला गेलो, तर आजी रस्त्याला उभ्या. "आला न्हाई रं."

"येतोय आजी. वाटंत आसंल."

त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. शेळ्यांपाशी दोन रात्री बसून काढल्या होत्या त्यांनी. डोळे लाल झाले होते. मला इतकी लाज वाटली की मी उगाच दुधाचे कॅन मोजत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तर मी वाड्याच्या वळणावर टेम्पो जोरात काढला, आजींकडं बघायला नको म्हणून. पुढं जाऊन माझं मलाच राहवेना. वळवला आणि मागं आलो.

दारात हवालदार बसला होता! पायांची सालटं निघालेली, कान फाटलेला, पण शेपूट हलत होतं. मी ओरडलो, "आजी, आला बघा!"

आजी नव्हत्या. शेळ्या बांधलेल्या, पुढं पाला, पाणी. दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "तांबडं फुटायच्या टायमालाच गेली म्हातारी, हवालदाराला हुडकाया. कुठं ते म्हनली न्हाई."

वेल्ह्याच्या बाजाराच्या पलीकडं कधी न गेलेली बाई, त्यात गुडघे धरलेले. मॅडम, बबनराव, मी, तिघांनी दिवसभर सगळे रस्ते पालथे घातले. एसटीवाल्यांना विचारलं, ओढे बघितले. मॅडम रडायलाच लागल्या.

संध्याकाळचं दूध तर उचलायलाच हवं होतं. धरणाच्या कडेनं चाललो होतो. जांभळाखाली कुणीतरी बसलं होतं. आजी! अगदी तिथंच, जिथं आम्ही हवालदाराला उतरवलं होतं. मी सांगितलं नव्हतं. मॅडमना आणि बबनरावांना मी नंतर खोदून खोदून विचारलंय, त्यांनीही नाही.

"आजी, हितं कशा आलात?"

"चालत."

"पन ही जागा कुनी सांगितली?"

मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारतोय असं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हितंच सोडला न्हवं त्याला? गावला का?"

"सकाळीच घरी आलाय, आजी. दारात बसलाय, तुमची वाट बघत."

आजींनी पदरानं डोळे पुसले आणि माझा हात धरून उठल्या.

"मंग मला बी घरी सोड, बाबा. मला हितनं वाट ठावं न्हाई."