अक्का, हे दुकान आहे!

नांदेडहून महेशचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात अननसात होते. सकाळचे साडेआठ वाजले होते, समोरच्या क्लासची पोरं नवाला सुटणार होती, आणि त्याआधी मला चार अननस सोलायचे होते. कोपरानं कसाबसा फोन स्पीकरवर टाकला. महेश म्हणाला, "काकू... आई गेली." त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं ते इथे लिहून टाकते, नाहीतर अक्कांवरचा हा लेख खोटा होईल. मनात आलं, आत्ताच? या सोललेल्या अननसाचं आता मी काय करू? हे वाचून कुणाला मी दगडाच्या काळजाची वाटले तर वाटू दे. अक्कांना वाटले नसते. त्यांनी उलट मलाच विचारलं असतं, मग केलंस काय त्याचं? शेजारी वाटून टाकलं, अक्का. सगळं. फेकलं नाही.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, महानंदा. माहेर उदगीरचं, सासर लातूरचं. महेश त्यांचा एकुलता एक मुलगा, नोकरीला नांदेडला. माझे थोरले दीर गेल्यावर तो त्यांना न्यायला आला होता, बॅगसुद्धा भरून झाली होती. ऐनवेळी त्या म्हणाल्या, "शोभी एकटी काय करंल इथं?" मी एकटी नव्हते, माझा नवरा होता, दोन मुलं होती. पण अक्कांनी एकदा ठरवलं की त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. माझ्या लग्नापासून आम्ही दोघींनी पंचवीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली. मी त्यांना 'तुम्ही' म्हणायचे आणि मनातल्या मनात भांडायचे. त्या मला 'शोभे' म्हणायच्या आणि उघड भांडायच्या.

ज्यूस बार काढायचं खूळ माझं. मुलं शिकायला बाहेर गेली, घर रिकामं झालं, आणि आरशात बघताना मला वाटायला लागलं, बाई, तू आजवर पोळ्यांशिवाय केलंस काय? आमच्या गल्लीसमोर दोन मोठे क्लासेस आहेत, दिवसभर शेकडो पोरं-पोरी येतात-जातात, आणि त्यांना प्यायला मिळतं काय, तर रंगीत बाटल्या. पुढची गॅरेजची खोली माझ्या डोळ्यांसमोर होती. आमचे हे ऐकून हसले, मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाही चाललं तर गाडी परत आत." माझ्यासाठी तो हसण्याचा विषय नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी माझ्या नावाचं मागत होते, आणि मला ते दिवाळीच्या पुढे न्यायचं होतं. सबंध घरात एकट्या अक्का म्हणाल्या, "काढ की. मी हाय." मला त्या वेळी रडू आलं होतं. पुढे त्या 'मी हाय'नं माझ्या नाकी नऊ आणले ते वेगळं.

दुकान काढणं म्हणजे काय असतं ते दुकान काढल्याशिवाय कळत नाही. विजेचं कनेक्शन घरगुती होतं, ते धंद्याचं करून घ्यायला ऑफिसात सात वेळा गेले. दर वेळी साहेब नाहीतर कागद, दोघांपैकी एक जागेवर नसायचा. मोठा मिक्सर लावला तर गल्लीतली निम्मी घरं अंधारात गेली आणि शेजारच्या आजोबांनी मला पंखा हातात घेऊन शिव्या घातल्या. नळाला पाणी किती दिवसांनी येईल याचा भरवसा नाही, म्हणून दोन निळे ड्रम आणले, ते दारातून आत जाईनात, तेव्हा दाराची चौकट काढावी लागली. बोर्ड रंगवणाऱ्यानं संत्र्याला टोमॅटोचा रंग दिला. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकांपेक्षा गांधीलमाश्या जास्त आल्या. या सगळ्यात अक्का पाटावर बसून डाळिंबं सोलत राहायच्या. त्यांच्या हातून एक दाणा फुटत नसे. मी सोलले की भिंतीपर्यंत पिचकाऱ्या उडायच्या. त्यांच्याशिवाय दुकान उघडलंच नसतं हे मी तेव्हाही मान्य करत होते, आत्ताही करते.

पण... आता त्या 'पण'कडे येते. आमच्यात ताटातलं अन्न प्रसाद मानतात. पानात काही टाकायचं नाही. जेवण झालं की ताटात थोडं पाणी घालायचं, बोटानं ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. जुनी माणसं अजून हे करतात. मीही लग्नानंतर दोन-चार वर्षं केलं, मग हळूच सोडलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. अक्कांनी मात्र सोडलं नाही. घरात ते ठीक होतं हो. पण तोच नेम घेऊन बाई दुकानात उभ्या राहतील हे माझ्या डोक्यात आलं नाही, ही चूक माझी.

पहिल्याच दिवशी गल्लीतले रिटायर तलाठी चिकू शेक प्यायला आले. कौतुकानं आले, कौतुकानं प्यायले, ग्लास ठेवला. अक्कांनी तो उचलला, त्यात दोन घोट पाणी घातलं, गरगर फिरवला आणि पुन्हा त्यांच्यासमोर धरला. "हे बी घ्या. तळाला लई राहिलंय." तलाठी माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. शेवटी भिडेखातर त्यांनी ते पाणी पिऊन टाकलं आणि पुन्हा कधी आले नाहीत. मग हे रोजचंच झालं. क्लासच्या पोरी हसून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "आजी, धुवण पण प्यायचं?" "पी की, रसच हाय तो." काही दिवसांत पार्सल मागणारे एकदम वाढले. धंदा वाढला म्हणून मी खूश. मग लक्षात आलं, पोरं अक्कांना चुकवत होती. मी त्यांना परोपरीनं सांगितलं, हातापाया पडले, एकदा तर ग्लासच काढून कागदी कप आणले. अक्कांनी कागदी कपातही पाणी घातलं.

आणि मग वैशाखातली ती दुपार. मागच्या गल्लीत एक मॅडम राहतात. कॉलनीत कुठलंही हळदीकुंकू असो, कोणाला बोलवायचं ते त्या ठरवतात, यावरून काय ते समजा. त्या चार मैत्रिणींना घेऊन आल्या. मी आंब्याचा शेक केला, काठोकाठ भरून दिला, वर काजूसुद्धा घातले. मॅडमनी अर्धा प्यायला, ग्लास टेबलावर ठेवला आणि स्कूटीवर जाऊन बसल्या. मी सुटे द्यायला वळले तोवर अक्का ग्लास घेऊन रस्त्यावर! पदर खोचलेला, पायात चपलासुद्धा नाहीत, खाली डांबर तापलेलं.

"ओ बाई, थांबा की जरा. हे अर्धं राहिलंय."

"नको मला. फार गोड झालाय."

"मग आधीच सांगायचं न्हाई का, अर्धाच द्या म्हणून? आता केलेला हाय तो."

मॅडमनी गाडी सुरू केली. अक्कांनी आरशाला हात घातला. सगळी गल्ली बघत होती. मी धावत जाऊन अक्कांना धरून आणलं, मॅडमची माफी मागितली, पण व्हायचं ते झालं होतं. आठवड्याभरात कॉलनीतल्या बायका आमच्या दुकानासमोरून मान वळवून जायला लागल्या.

त्याच दुपारी मी अक्कांवर पहिल्यांदा ओरडले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "अक्का, हे दुकान आहे, मठ नाही! पैसे दिले की ग्लास त्यांचा. ते पितील, नाहीतर ओततील."

"मग इचारून द्यावं. किती पायजे ते इचार, तेवढंच दे. भरून कामून देतीस?"

"ग्लासला एकच माप असतं. बोर्डावर तसंच लिहिलंय."

"बोर्ड काय देवानं लिवलाय?"

मी म्हणाले, "उद्यापासून तुम्ही काउंटरवर येऊ नका." त्या "बरं" म्हणाल्या, अॅप्रन काढला, चार घड्या घालून मिक्सरवर ठेवला आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डाळिंबाचे दाणे पातेल्यात तयार होते. तिसऱ्या दिवशीही. माणसानं भांडायला तरी समोर यावं ना! त्या आल्या नाहीत. फक्त संध्याकाळी आतून विचारायच्या, "आज किती परत आले गं?" म्हणजे अर्धे ग्लास. मी सांगायचे, एकही नाही. ते मी त्यांच्या नजरेआड झटपट बेसिनमध्ये ओतलेले असायचे. त्यांना कळत नव्हतं असं नाही. पातळ भिंत होती, ओतल्याचा आवाज जात होता.

श्रावण संपता संपता त्या महेशकडे गेल्या. घशाखाली घास उतरत नाही म्हणत होत्या, नांदेडला डॉक्टर चांगले आहेत म्हणून गेल्या, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं, फक्त पूर्ण नव्हतं. आणि आता जे कुणाला सांगता येत नाही ते सांगते. अक्का नांदेडला गेल्यावर दुकान चाललं. छान चाललं. कॉलनीतल्या बायका परत आल्या, मॅडमसुद्धा. दिवाळी झाली आणि गाडी बाहेरच राहिली. मी जिंकले होते आणि माझी चिडचिड मात्र दुपटीनं वाढली होती. डाळिंब सोलताना दाणा फुटला की मी अक्कांनाच बोल लावायचे.

त्यांनी डोळे मिटायच्या दोन आठवडे आधी मी नांदेडला गेले. पिशवीत निवडून आणलेली मोसंबी आणि हातानं रस काढायचं यंत्र. अक्का पलंगावर इतक्याशा दिसत होत्या. महेशनं सांगितलं, चमचा-चमचा देतो, तेही कधी परत येतं. मी ऐकलं आणि नाही ऐकलं. मला भरपाई करायची होती. चार मोसंब्यांचा रस काढला, दुकानातल्यासारखा काठोकाठ ग्लास भरला आणि त्यांच्या हातात दिला.

"एवढा कशाला गं? दोन घोट बास झाले असते."

"घ्या हो, अंगाला लागेल."

त्यांनी ग्लासाकडे बघितलं, आणि मी काय करून बसले ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या प्यायला लागल्या. एक घोट, मग डोळे मिटून बसणं, मग ठसका, मग पुन्हा एक घोट. मोसंबीचा रस थोडा वेळ ठेवला की कडू होतो, हे मला दुकानानं शिकवलंय. तो कडू झाला असणार. महेश म्हणाला, "आई, ठेव आता." त्यांनी मान हलवली. मी ग्लास ओढून घ्यायला गेले तर बोटं घट्ट. मला संताप आला हो, खरंच सांगते. मरायला टेकलेलं माणूस आणि केवढा हा हट्ट! तासाभरानं ग्लास रिकामा झाला. मी सुटकेचा श्वास टाकला, तर त्यांनी खूण केली, पाणी घाल. घातलं. त्यांनी ग्लास फिरवला, तेही प्यायल्या.

मग मात्र मला राहवलं नाही. "अक्का, एवढा नेम? देव काय बघायला बसलाय का इथे?"

त्या दमल्या होत्या. उशीवर मान टाकली. मला वाटलं, झोपल्या.

"देवाचं न्हाई गं," त्या म्हणाल्या. "तू केलंस ना."

आमच्यात जाळत नाहीत; रीतीप्रमाणे आमच्या शेतात त्यांना बसवून माती दिली, त्याला आता सात-आठ आठवडे झाले. अजून माझा राग जात नाही. एवढे तीन शब्द वैशाखात बोलला असता तर काय बिघडलं असतं, अक्का? तापल्या डांबरावर अनवाणी उभं राहून त्या बाईशी भांडत होता तेव्हा सांगता आलं नसतं? मी तुम्हाला सगळ्यांसमोर धरून आणलं नसतं. कदाचित तरीही आणलं असतं, माझा काही भरवसा नाही. पण निदान मला माहीत तरी असतं, तुम्ही कोणासाठी पळत होता.

आता संध्याकाळी आवरताना बेसिनपाशी चार-पाच अर्धे ग्लास असतात. कुणाचा अननस, कुणाचा चिकू. पूर्वी मी न बघता ओतायचे. आता तशीच उभी राहते. आमचे हे आतून म्हणतात, "ओत ना, काय बघायलीस?" ओतते. पण ते ग्लास सोडून जाणाऱ्यांचा मला आता राग येतो, मनापासून येतो. सकाळी सहाला उठून सोललेलं असतं ते, मी केलेलं असतं. आणि त्यांना रस्त्यापर्यंत जाऊन अडवणारं माझं कुणी उरलेलं नाही.