कॉइलच्या गळ्यातलं सूत

दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळचे अकरा वाजले असतील... पारशिवनीहून नागपूरला येताना माझी टॅक्सी मध्येच झटके खायला लागली. मागच्या सीटवर माझी बायको सुमन कळा सोसत होती. पंचेचाळीस वर्षं होऊन गेली त्याला.

सुमन पहिलटकरीण, माहेरी गेलेली. मी आणि आई माझ्या सासरी, पारशिवनीला, दसऱ्याचं सोनं द्यायला म्हणून सकाळी पोचलो, तर घरात नुसती धावपळ! तिथले डॉक्टर म्हणाले, बाळ आडवं आहे, इथे थांबू नका. आईच्या मांडीवर सुमनचं डोकं ठेवलं आणि निघालो. सासूबाई मागून एसटीने येणार होत्या.

वाटेत नाल्यावरच्या एका बुटक्या रपट्यावरून घोटाभर पाणी वाहत होतं. सकाळी जाताना जपून काढली होती गाडी, आता घाईत दामटली. पाणी थेट बॉनेटवर उडालं, आणि थोडं पुढे गेल्यावर इंजीनचं मिसिंग सुरू... फाट फाट आवाज, दर दोन मिनिटांनी धक्का, आणि दर धक्क्याला सुमनची किंकाळी. गाडी सायकलच्या वेगाने चालली होती. असं नागपूर गाठायचं म्हणजे दुपार झाली असती.

थांबलो. बॉनेट उघडलं. मी काही कच्चा गडी नव्हतो हो... आमच्या घरचा हातमाग बंद पडला, तेव्हा दोन वर्षं गॅरेजमध्ये हात काळे करून मग ही जुनी गाडी घेतली होती. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून पुसलं, वायरी पुसल्या, पॉइंट साफ केले. इंजीन सुरू केलं... परत फाट फाट! डिकीत जुना कंडेन्सर होता, तो बदलला. प्लग काढून पुसून बसवले. तरी तेच! करंट कुठेतरी गळत होता एवढं कळत होतं, पण कुठे?

"काहून सुरू नाही होऊन राहिली गा? पोरीले सहन नाही होत आता," आई मागून म्हणाली.

"तू चूप बस नं माय! मले सुधरू दे!" मी खेकसलो. आयुष्यात तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. सुमन हळूच म्हणाली, "अजून किती वेळ आहे जी?"

तेव्हा गॅरेजच्या उस्तादाचं एक वाक्य आठवलं... गळणारा करंट उजेडात दिसत नाही, अंधार करून बघ. सीटवरची जाड चादर ओढली, इंजीन चालूच ठेवलं, आणि बॉनेटखाली डोकं घालून चादर अंगावरून पांघरली. आत गरम वाफ, पेट्रोलचा वास. आणि दिसलं! प्लगला करंट पुरवणाऱ्या कॉइलच्या गळ्यापासून तिला धरणाऱ्या लोखंडी पट्टीपर्यंत निळी ठिणगी सरपटत होती. टिक... टिक... टिक.

हळदीचं सूत होतं ते. आईने आदल्या दिवशी बांधलेलं.

आमच्याकडे दसऱ्याला मागाची पूजा व्हायची आणि हळदीत भिजवलेलं सूत मागाला बांधायचे. माग गेला तरी आईची पूजा चालूच होती, आता गाडीची. "हिचा जीव कुठी असते गा?" तिने विचारलं, आणि मीच ऐटीत कॉइल दाखवली... इथून करंट निघते माय, हाच हिचा जीव! तिने तिथेच पाच वेढे घातले. ते आता ओलं झालं होतं, आणि करंट त्यातूनच पळत होता. इतका वेळ मी सगळं पुसलं, पण त्या सुताला धक्का लावला नाही. पूजेचं सूत कोण तपासतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा...

घाईत तसंच ओढायला गेलो तर असा झटका बसला की कपाळ बॉनेटवर आपटलं. मग अक्कल आली, इंजीन बंद केलं, सूत तोडून खिशात कोंबलं आणि कॉइल कोरडी केली. किल्ली फिरवली... इंजीन एका सुरात चालू!

"काय निघालं गा?" आईने विचारलं.

"वायर ढिली होती," मी म्हणालो.

नागपूरला पोचताच सुमनला ऑपरेशनला नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलो. लाज कसली त्यात...

पुढच्या दसऱ्याला आई ताट घेऊन गाडीशी आली. मी मुकाट्याने बॉनेट उघडायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे." दार उघडून आत वाकली आणि सूत स्टिअरिंगला बांधलं.

"काहून वं माय, इथं?"

"त्या दिवशी तुह्या सदऱ्याच्या खिशात भेटलं मले... जळलेलं." गाठ मारता मारता ती बोलली. "मागाले जे चालते ते हिले नाही चालत."

अख्खं वर्ष तिने ते एकटीने मनात ठेवलं होतं. मी तिला सांभाळतोय असं मला वाटत होतं, आणि ती मला सांभाळत होती.

काल लेकीने तिच्या नव्या गाडीची पूजा केली. सूत हातात घेऊन विचारलं, "बाबा, कुठे बांधू?" मी म्हटलं, "स्टिअरिंगला बांध. तुझ्या आजीची जागा आहे ती."