तात्यांनी फोन केला होता

दुपारच्या पोस्टमध्ये मी लिहिलं की आमच्या काजू कारखान्यातल्या तात्यांनी विचार न करता लिंक उघडली. ते मी चुकीचं लिहिलं.

कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळते. कोण फसतं ते तपासायला सकाळी मीच सगळ्यांना खोटा मेल पाठवला होता: या लिंकवर पासवर्ड भरा, नाहीतर आज माल पाठवता येणार नाही. फसले एकटे तात्या.

"तात्यानू, आता पोलीस येतले तुमका न्हेवक!" गोदामातून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, तात्या सोडून.

संध्याकाळी ते हळूच म्हणाले, "बाय, मी तुका दोनदा फोन केलंय. तू उचललंस नाय. भायर भरलेलो ट्रक उभो होतो. मी काय करू?"

मिस्ड कॉल खरंच होते. मी तेव्हा माळ्यावर केबल ओढत होते.

कळत नसेल तर आधी विचारावं, हे मी शाळेआधी घरी बाबांकडून शिकले. तात्यांनी तेच केलं. या तपासणीच्या अहवालात मात्र ते नापास आहेत, आणि साठीनंतर त्यांना कामावर ठेवायचं का, हे सोमवारच्या बैठकीत ठरणार आहे.

तुमच्याकडे शंका आली तर फोन कोण उचलतं?

सोमवारी सकाळी, बैठकीआधी, मी त्यांच्या नावापुढे लिहिणार आहे: विचारायला फोन केला होता, मी उचलला नाही.